घरातला तास कोणाच्या मालकीचा?

चित्रवाणीचा कार्यक्रम ही मुळात मोठी चमत्कारिक वस्तू होती. ज्वारी आज घेऊन पुढच्या महिन्यात दळता येते, पुस्तक आणून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत फडताळात ठेवता येते. कार्यक्रम मात्र ज्या क्षणी घरात पोचे त्याच क्षणी पाहावा लागे, नाहीतर तो गेलाच. नाशवंत म्हणून ओळखला जाणारा भाजीपालाही निदान संध्याकाळपर्यंत टिकतो. चित्रवाणीचा भाग तेवढाही टिकत नसे. चित्रमुद्रणाच्या यंत्राने या वस्तूचा हा स्वभावच पालटला. न टिकणारा माल टिकू लागला म्हणजे पिकवणारा, विकणारा आणि खाणारा यांच्यातील नाते कसे बदलते, हे शीतगृहांनी बटाट्याच्या बाबतीत दाखवून दिले आहे. घराच्या बैठकीच्या खोलीत तसाच बदल गेली पन्नास वर्षे घडत आला आहे. त्याची चर्चा मात्र एक तर यंत्राच्या नवलाईपुरती होते, नाहीतर मुलांच्या अभ्यासाच्या काळजीपुरती. पाहण्याचा तास कोणाच्या मालकीचा, प्रक्षेपण करणाऱ्याचा की पाहणाऱ्याचा, हा यातील कळीचा प्रश्न आहे आणि तो बाजूलाच पडतो.

हा प्रश्न प्रथम रोखठोकपणे विचारला गेला तो अमेरिकेत. सोनी कंपनीने १९७५ मध्ये बेटामॅक्स हे यंत्र बाजारात आणले. पुढच्याच वर्षी जपानमध्ये जेव्हीसीचे व्हीएचएस आले. सोनीचे अकिओ मोरिता यांनी यंत्राची थोरवी सांगताना ‘टाइम शिफ्ट’ म्हणजे वेळ सरकवणे असा शब्दप्रयोग केला. तो नेमका होता. यंत्र नवा कार्यक्रम देत नव्हते, फक्त जुन्या कार्यक्रमाची घटका हलवत होते. परंतु घटका हलवणे ही किरकोळ गोष्ट नाही हे चित्रपट कंपन्यांनी तत्काळ ओळखले. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ मध्ये सोनीवर दावा लावला. खटला आठ वर्षे चालला. खालच्या न्यायालयाने सोनीच्या बाजूने कौल दिला, अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि अखेर १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने घरगुती मुद्रणाला मान्यता दिली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालाचा आधार साधा होता: बहुतेक लोक हे यंत्र कार्यक्रम नंतर एकदा पाहण्यासाठी वापरतात, आणि असा खाजगी वापर हा अन्याय्य नव्हे. मुलांच्या कार्यक्रमासाठी तेथे घरोघरी परिचित असलेले फ्रेड रॉजर्स यांनी दिलेल्या साक्षीचीही न्यायालयाने दखल घेतली. आपला कार्यक्रम कुटुंबांनी सोयीच्या वेळी मुद्रित करून पाहिला तर त्यांची काहीच हरकत नव्हती.

चित्रपट उद्योगाचे प्रवक्ते जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ मध्ये संसदीय समितीपुढे या यंत्राची तुलना एकट्या स्त्रीच्या घरात शिरणाऱ्या खुन्याशी केली होती. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅसेटींपासून मिळणारे उत्पन्न चित्रपटगृहांतील तिकिटांच्या उत्पन्नाहून अधिक झाले. गिऱ्हाइकाच्या हाती थोडी सत्ता गेली की व्यापार बुडाला, असा आक्रोश करण्याची व्यापाऱ्यांची रीत फार जुनी आहे.

भारतात या यंत्राचे जीवन निराळे झाले, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरही घरांत दिसू लागला. आखातात नोकरीस गेलेल्या नातलगांनी आणलेल्या सामानात तो अग्रस्थानी असे. पण त्या यंत्रावरील मुद्रणाचे बटण फारसे दाबले गेले नाही. वाहिनी एकच असताना एका कार्यक्रमासाठी दुसरा सोडण्याचा प्रसंगच येत नव्हता. मुद्रणाचे मोल संघर्षातून निर्माण होते: दोन कार्यक्रम एकाच वेळी आले, किंवा एक कार्यक्रम आणि एक काम एकाच वेळी आले, तरच. म्हणून आपल्याकडे व्हीसीआर हे मुख्यतः भाड्याने आणलेल्या चित्रपटांचे यंत्र ठरले. लग्नकार्य, सत्यनारायण, गणपती या निमित्तांनी ते एका रात्रीपुरते भाड्याने यायचे आणि शेजारपाजारासह सारे घर पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहत बसायचे. एकांतात आणि सोयीने पाहण्यासाठी परदेशात जन्मलेले यंत्र महाराष्ट्राच्या चाळींत सामुदायिक जागरणाचे साधन झाले. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात न सापडणारी ही गोष्ट आहे. यंत्राचा उपयोग ते यंत्र ठरवत नाही. घरात किती खोल्या आहेत आणि हवेत किती वाहिन्या आहेत, यावर तो ठरतो.

संघर्ष आला तो १९९० नंतर. उपग्रह वाहिन्या आल्या. १५ ऑगस्ट १९९९ पासून अल्फा मराठी ही पूर्ण वेळ मराठी वाहिनी सुरू झाली, तीच पुढे झी मराठी. संध्याकाळी सात ते दहा या वेळात बातम्या, मालिका आणि क्रिकेट यांची एकाच पडद्यासाठी झोंबाझोंबी होऊ लागली. पण नेमक्या याच काळात कॅसेटचे यंत्र मागे पडत होते आणि तबकडीवर मुद्रण करणारी नवी यंत्रे सामान्य घरात पोचलेली नव्हती. ती पोकळी वाहिन्यांनी स्वतःच भरून काढली. रात्री आठचा भाग मध्यरात्रीच्या सुमारास पुन्हा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा, हा पायंडा पडला. पुनःप्रक्षेपण हे गरिबाघरचे मुद्रणयंत्रच होय. गृहिणीने संध्याकाळचा स्वयंपाक करताना हुकलेला भाग दुपारी भांडी आवरून झाल्यावर पाहावा, अशी ही सोय होती आणि ती बिनखर्चाची होती.

या सोयीचा परिणाम कथेच्या घडणीवरही झाला. रोजच्या मराठी मालिकेत एका प्रसंगाला पाच-पाच दिवस लागतात, प्रत्येक भागाच्या आरंभी कालचे कथानक सांगितले जाते आणि दचकलेला चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवला जातो. विनोदी लेखकांना यातून पुष्कळ खाद्य मिळाले. पण हे केवळ लेखकांच्या आळसाचे फळ नव्हे. प्रेक्षक उठून जाणार, कुकरच्या शिट्टीला धावणार, दोन दिवस गावाला जाणार, आणि त्याच्याजवळ मुद्रण नाही, हे गृहीत धरून ही मालिका रचलेली असते. ज्या देशांत कार्यक्रम साठवून ओळीने पाहण्याची सवय रुजली तेथे गुंतागुंतीचे, एकही भाग चुकवता न येणारे कथानक धाडसाने मांडता आले. आपल्या मालिकांचा मंदपणा हा बऱ्याच अंशी साठवणुकीच्या अभावाचा मंदपणा आहे, ही बाब टीकाकारांनी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

डीटीएच सेवेबरोबर मुद्रणाचे यंत्र सेट टॉप बॉक्सच्या पोटात बसून मराठी घरात आले. टाटा स्कायची सेवा २००६ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये तिची मुद्रण करणारी पेटी आली. (२०२२ पासून या सेवेचे नाव टाटा प्ले झाले.) आता एक बटण दाबले की मालिकेचे सर्व भाग आपोआप साठू लागले. यातून घरातले भांडण मिटले का? वरवर पाहता मिटले. वडिलांचा सामना थेट, आजीची मालिका नंतर. परंतु ‘नंतर’ कोणाच्या वाट्याला येते, हे पाहिले की सोयीचा दुसरा चेहरा दिसतो.

इंग्लंडमध्ये या विषयाचा अभ्यास बराच आधी झाला. डेव्हिड मॉर्ली यांनी १९८६ मध्ये दक्षिण लंडनमधील कुटुंबांच्या पाहण्याच्या सवयींवर ग्रंथ लिहिला. त्यात रिमोट बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या खुर्चीशी आढळतो. अ‍ॅन ग्रे यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यॉर्कशरमधील स्त्रियांशी घरातील व्हिडिओ यंत्राविषयी झालेली संभाषणे आहेत. त्यातील एक निष्कर्ष मार्मिक आहे. काही स्त्रियांनी यंत्राची वेळ लावण्याची कला जाणूनबुजून शिकून घेतली नव्हती. कारण ती शिकली की नवऱ्याचे आणि मुलांचे कार्यक्रम मुद्रित करून ठेवण्याचे आणखी एक काम आपल्याच गळ्यात पडणार, हे त्यांनी ओळखले होते. मराठी गृहिणीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या घरात पापडाचे पीठ मळता येणारीवरच पापडांची जबाबदारी येते, तेथे काही गोष्टी न येण्यातच शहाणपण असते.

भारत सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात असे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. शिवाय स्त्रीची ही मिनिटे सलग नसतात. सकाळी डबे, दुपारी दळण, संध्याकाळी पुन्हा चूल, असे ते तुकडे असतात. प्रक्षेपणाचे वेळापत्रक या तुकड्यांशी जुळेलच असे नाही. तेव्हा तत्त्वतः मुद्रणाचा सर्वांत मोठा लाभ तिलाच व्हायला हवा. तसाच तो रात्रपाळीच्या परिचारिकेला, शेवटच्या लोकलने घरी पोचणाऱ्या कारकुनाला व्हायला हवा. ज्यांचा वेळ स्वतःच्या हाती नाही अशांसाठीच हे यंत्र आहे. व्यवहारात मात्र बैठकीच्या खोलीत जो आधी बसतो त्याला थेट प्रक्षेपण मिळते आणि जिचे काम उशिरा संपते तिला साठवलेला भाग मिळतो, तोही झोप बाजूला सारून. मुद्रणामुळे तिचा हक्क पूर्णपणे बुडत नाही, एवढे खरे. पण तिने आठ वाजता मागणी करण्याचे कारणही त्यामुळे नाहीसे होते. ‘रेकॉर्ड होतंय ना, मग नंतर बघ’ हे वाक्य समजुतीचे वाटते. त्यात निवाडा दडलेला असतो.

साठवलेल्या मालाचे पुढे काय होते, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये वेळेच्या वाटपाचा जो सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा असा की उपभोगासाठी केवळ वस्तू पुरत नाही, वेळही लागतो. पेटीने वस्तू वाढवली. दिवसाचे चोवीस तास तिने वाढवले नाहीत. परिणामी ती भरत जाते. रविवारी पाहू म्हणून ठेवलेला माहितीपट तिसऱ्या रविवारीही तसाच असतो आणि जागा संपल्याची सूचना आली की न पाहताच पुसला जातो. यावर हसण्याचा मोह होतो, परंतु ही निव्वळ उधळपट्टी समजणे चुकीचे ठरेल. विमा उतरवलेला माणूस वर्षअखेर सुखरूप राहिला म्हणून हप्ता वाया गेला असे कोणी म्हणत नाही. मुद्रणाने कुटुंबाला पुष्कळदा कार्यक्रम मिळत नाही. कार्यक्रम हुकण्याच्या काळजीतून सुटका मिळते. पाहुणे आले तरी कपाळाला आठी पडत नाही, मुलाला वाचनालयातून आणायला जाताना पाय अडखळत नाही. वेळापत्रकाचा धाक गेला हा लाभ, न पाहिलेल्या भागांचा हिशेब मांडून मोजता येणार नाही.

आता खर्चाची बाजू. विनामूल्य चित्रवाणीचा व्यवहार असा: प्रेक्षकाने कार्यक्रम पाहावा आणि मोबदल्यात जाहिराती सोसाव्यात. आपल्याकडील केबल वाहिन्यांच्या नियमांत तासाला १२ मिनिटांच्या जाहिरातींची मर्यादा आहे. तिच्या अंमलबजावणीवरून वाहिन्या न्यायालयातही गेल्या. म्हणजे मर्यादा काटेकोर पाळली तरी तासाभराचा कार्यक्रम मुद्रित करून, जाहिराती पुढे सरकवून पाहणारा १२ मिनिटे वाचवतो. अमेरिकेत १९९९ मध्ये टिव्होचे यंत्र आले तेव्हा जाहिरातदार हवालदिल झाले. २००७ पासून तेथील नील्सन संस्थेच्या मोजणीत प्रक्षेपणानंतर तीन दिवसांपर्यंत मुद्रण लावून पाहिलेल्या जाहिराती धरून दर ठरू लागले. पण ब्रॉनेनबर्ग, दुबे आणि मेला या अभ्यासकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, असे यंत्र घरात आल्यामुळे कुटुंबाच्या खरेदीत लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही. जाहिरात न पाहणारा बहुधा ती पूर्वीही पाहत नव्हता. पूर्वी तो पाणी प्यायला उठत असे.

जाहिरातदाराने मात्र आपला मार्ग शोधला. जे मुद्रित करून पाहण्यात काही अर्थ नाही, अशा कार्यक्रमाकडे तो वळला. निकाल कळलेला सामना कोण पाहणार? २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क १६,३४७ कोटी रुपयांना गेले होते; २०२३ ते २०२७ साठी ते ४८,३९० कोटींना गेले. सामन्यांची वाढलेली संख्या आणि मोबाइलवरील प्रेक्षक ही त्याची मोठी कारणे आहेतच. पण ज्या काळात बाकी सारे ‘नंतर’ पाहता येते त्या काळात ‘आत्ताच’ पाहावे लागणाऱ्या गोष्टीला दुर्मिळतेचे मोल येते, हेही एक कारण आहे. साठवणूक सर्वत्र शक्य झाली आणि न साठवता येणारा माल महागला.

एका गोष्टीचा हिशेब रुपयांत होत नाही. ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दाखवली जाऊ लागली, तेव्हा रस्ते ओस पडत. दुसऱ्या दिवशी कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत, एसटीच्या रांगेत बोलण्याचा विषय आयता असे. मुद्रणाने प्रत्येकाला आपापला तास मिळाला आणि तो समाईक तास गेला. आता बोलणे सुरू होण्यापूर्वीच ‘सांगू नका, मी अजून पाहिलेले नाही’ असा मनाई हुकूम येतो. मात्र हा तास जुलमाने लादला गेला होता, असेही सरसकट म्हणता येत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने तीच मालिका पुन्हा ठरलेल्या वेळी दाखवली. हवे ते हव्या त्या वेळी मोबाइलवर पाहण्याची सोय ज्या घरांत होती तीही घरे घड्याळ लावून बसली. निवडीचे स्वातंत्र्य मिळालेल्या माणसाला कधीकधी निवड न करण्याचीही हौस असते.

पण समाईक तासाच्या आठवणीत रमताना सध्या घडत असलेला बदल नजरेआड होऊ नये. मुद्रणाने तास प्रक्षेपकाकडून कुटुंबाकडे आला होता. तो आता परत चालला आहे, आणि या वेळी सोयीच्या वेषात. कॅसेट घरच्या कपाटात होती. पेटीतील मुद्रण घरात असले तरी बहुधा त्याच पेटीला जखडलेले असते. पेटी बदलली की ते गेले. त्यापुढची पायरी म्हणजे कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर होणारे मुद्रण. अमेरिकेतील यूट्यूब टीव्ही या सेवेत ग्राहकाने ‘साठवलेला’ कार्यक्रम नऊ महिन्यांनी निघून जातो. आणि ओटीटीच्या यादीत तर मुद्रणाचा प्रश्नच उरत नाही: सारे नेहमीच उपलब्ध, असा समज. ‘नेहमी’ या शब्दाचा अर्थ मात्र कंपनी ठरवते. एचबीओ मॅक्सने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःचीच गाजलेली ‘वेस्टवर्ल्ड’ ही मालिका यादीतून उतरवली. वर्गणी भरणाऱ्याला त्यावर बोलण्याचा काहीही अधिकार नव्हता, कारण त्याने मालिका घेतलेली नव्हती. पाहण्याची तात्पुरती परवानगी घेतली होती. २०१६ मध्ये बेटामॅक्सच्या कॅसेटींचे आणि जपानच्या फुनाई कंपनीकडून व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबले, तेव्हा जुन्या वस्तूंचा शेवट म्हणून त्याच्या गोड बातम्या झाल्या. १९८४ च्या निकालाने मान्य केलेला घरगुती हक्क वापरण्याचे साधनही त्यांच्याबरोबर बाजारातून निघून चालले आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

हा हक्क क्षुल्लक वाटत असेल तर फिलाडेल्फिया शहरातील मॅरियन स्टोक्स यांचे उदाहरण पाहावे. एके काळी ग्रंथपाल असलेल्या या बाईंनी सुमारे पस्तीस वर्षे, २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, घरातील अनेक यंत्रांवर वृत्तवाहिन्यांचे अखंड मुद्रण केले. सहा तासांची कॅसेट संपण्याआधी परत यायचे म्हणून कुटुंबाचे बाहेर जाणेयेणे त्या बेताने ठरे. घरच्यांना त्याचा जाच झाला असणार. पण सुमारे ७०,००० कॅसेटींचा तो साठा पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने जतनासाठी स्वीकारला. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९६० च्या दशकातील ‘डॉक्टर हू’ मालिकेचे कितीतरी भाग स्वतःच पुसून टाकले होते. त्यांचा आवाज तरी आज ऐकता येतो तो घरी टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. संस्था विसरल्या आणि घरांनी राखले, असे हे दाखले आहेत.

भारतीय कायदा या बाबतीत पाहणाऱ्याच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन व संशोधन यांसाठी, प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण करणे हा प्रक्षेपण संस्थेच्या हक्काचा भंग ठरत नाही. शिक्षकवर्गाने हे कलम मुद्दाम वाचावे; अर्थशास्त्राच्या तासाला अर्थसंकल्पाचे भाषण किंवा मराठीच्या तासाला एखादे नाटक मुद्रणातून दाखवणाऱ्याला त्याचा आधार आहे. मात्र कायद्याने दिलेली मुभा कुलूपबंद पेटीत फारशी उपयोगाची नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कुलपांना संरक्षण दिले आणि हक्कभंगाच्या हेतूने ती तोडणे हा गुन्हा ठरवला. खाजगी वापरासाठी कुलूप उघडून देण्याचे बंधन मात्र विक्रेत्यावर घातले नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये अशी शिफारस केली होती की, सेट टॉप बॉक्स एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाताना बदलावा लागू नये. तिचा विचार करताना पेटीच्या किमतीबरोबर तिच्या पोटातल्या मालाचाही विचार व्हायला हवा. ग्राहकाने पैसे मोजून, कायद्याच्या मर्यादेत राहून, स्वतःच्या घरात केलेले मुद्रण वर्गणी संपताच उघडेनासे होत असेल, तर ते कोणाचे?